मालवणची रापण

आम्ही मुंबईची काही कुटुंबे मिळून मालवणला गेलो. कोकण रेल्वेने कुडाळ, तेथून पुढे एस.टी. सिंधुदुर्ग किल्ला तर सगळेच पाहतात. आम्हांला पाहायची होती ती रापण.

सकाळी किनाऱ्यावर एखादा जाणता मच्छीमार समुद्राकडे टक लावून उभा असतो. आपल्याला नुसते पाणी दिसते. त्याला पाण्यातल्या काळसर डागावरून आणि वर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांवरून तारलीचा किंवा बांगड्याचा थवा कळतो.

या थव्याला पुढारी नसतो. प्रत्येक मासा शेजाऱ्यावर नजर ठेवतो. शिवाय त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिला पाण्याची बारीक हालचालही जाणवते. १९७६ साली शास्त्रज्ञांनी डोळे झाकून मासा सोडून पाहिला, तरी तो थव्याबरोबर पोहत राहिला! सुरमई तुटून पडली की थवा दुभंगतो आणि तिच्या मागे जाऊन पुन्हा जुळतो. इतक्या चकाकत्या अंगांतून नेमका कोणता धरावा, हे तिला उमगत नाही. आणि हजारांत आपलाच नंबर लागण्याची शक्यता ती किती? (रेशनच्या रांगेत नंबर लवकर लागावा असे वाटते, येथे न लागलेला बरा.)

यात माया आहे असे मात्र समजू नये. विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ साली मांडले की, कडेच्या प्राण्यावर घाला आधी पडतो, म्हणून जो तो मध्ये घुसू पाहतो आणि त्यातूनच कळप दाट होतो. संघटनेची कामे करणाऱ्या आम्हांला हे वाचून जरा वाईटच वाटले.

पण ही सारी युक्ती एकेक घास घेणाऱ्या तोंडापुढे चालते, जाळ्यापुढे नाही. होडी जाळे सोडत अर्धा फेर घेऊन परत येते. मग दोन्ही टोकांचे दोर माणसे किनाऱ्यावरून ओढू लागतात. घेर आवळतो तसे भ्यालेले मासे पांगत नाहीत, उलट एकमेकांना अधिकच चिकटतात. सुरमईपासून वाचवणारी सवयच त्यांना धरून देते. शेवटी काठाजवळचे पाणी उकळल्यासारखे दिसते. पोरे तर ओरडतच धावली.

तरी रापण थवा काठाशी आला तरच लागते. पर्ससीनवाले खोल पाण्यात थव्याला गाठतात, वेढा घालतात आणि जाळे खालून बटव्यासारखे आवळतात. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्याचाही प्रकार आहे. पर्ससीनवर राज्य सरकारने २०१६ साली निर्बंध घातले, दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी आणली. हे चोरून चालतेच, अशी रापणकरांची तक्रार आहे. रापणीत मासळीचे वाटे पडतात, दोराला हात लावणाऱ्यालाही त्यातला हिस्सा मिळतो. थवा बाहेरच उचलला गेला, तर सकाळभर दोर ओढून वाटायला काहीच उरत नाही.