विधेयक वाचणारी पोरं

आपल्याकडे अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘काय स्वस्त, काय महाग’ अशी एक चौकट येते. ती नजरेखालून घातली की आपल्यापुरता अर्थसंकल्प संपला. वित्त विधेयक नावाचा मूळ कागद सनदी लेखापालाखेरीज कुणी मुद्दाम मिळवून वाचत असेल, असं मला वाटत नाही. म्हणूनच केनियातल्या विशीतल्या पोरापोरींनी २०२४ च्या मध्याला जे केलं, त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही. ती पोरं विधेयक वाचायला बसली.

त्यात पावावर १६ टक्के मूल्यवर्धित कर होता, कच्च्या खाद्यतेलावर २५ टक्के अबकारी शुल्क होतं, मोटारीच्या किमतीवर दरवर्षी अडीच टक्के कर होता. पर्यावरणाच्या नावानं एक अधिभारही होता, आणि त्याच्या कचाट्यात सॅनिटरी पॅड सापडत होते. सरकारला एकूण ३४६ अब्ज शिलिंग उभे करायचे होते. डोक्यावर कर्ज होतं आणि मागे नाणेनिधीचा तगादा. मुलांनी एकेक कलम सुटं केलं. टिकटॉकवर स्वाहिलीत आणि आपापल्या घरच्या भाषांत ते समजावून सांगितलं. कुणी प्रश्न विचारला की विधेयकातून उत्तर काढून देणारा चॅटबॉटही एकानं बनवला. रात्ररात्र एक्सवर ध्वनिसभा चालल्या. सरकार आधी हसलं, मग पावावरचा कर घाईघाईनं मागे घेतला गेला.

या सभांमध्ये देशाबाहेरचे केनियन आवाजही होते. नैरोबीत मध्यरात्र असते तेव्हा अमेरिकेत संध्याकाळ. काम आटोपून आलेला माणूस तिकडून बोलू शकतो. तो बोलतोही अधिक मोकळेपणानं, कारण त्याच्या दारावर पहाटे कुणी थाप मारणार नसतं. इथेच मला अडखळायला होतं. मोकळेपणाची किंमत दोघांना सारखी पडत नाही. २५ जून २०२४ ला संसदेनं विधेयक १९५ विरुद्ध १०६ मतांनी मंजूर केलं, लोक संसदेच्या आवारात घुसले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परदेशातल्यांनी वकिलातींसमोर फलक धरले. मेली ती मायदेशातली मुलं. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी सही करायला नकार देऊन विधेयक मागे घेतलं. मृतांचा आकडा मात्र पुढे साठपर्यंत गेला.

‘लांब राहून बोलायला तुमचं काय जातं?’ हा टोमणा परदेशस्थांना हमखास ऐकावा लागतो. तो सगळाच खोटा नाही. पण केनियाचा इतिहास पाहिला की तो अपुरा वाटतो. ओरी ओकोलोह ही तरुणी हार्वर्डला कायदा शिकत असताना देशाच्या राजकारणावर लिहू लागली. केनियाच्या संसदेचं संकेतस्थळ बंद पडलं होतं. कारण मासलेवाईक आहे: आपलं शिक्षण आणि आपला पूर्वेतिहास असा चारचौघांत मांडलेला खासदारांना रुचला नव्हता. मग तिनं एका सहकाऱ्यासोबत ‘म्झालेंदो’ नावाचं दुसरं संकेतस्थळ सुरू केलं. कोणता खासदार सभागृहात काय बोलला, हे तिथे वाचता येऊ लागलं. ही गोष्ट २००६ च्या सुमाराची. विधेयक वाचणाऱ्या पोरांचं बी मला तिथे दिसतं.

आणि त्याच्याही मागे लेखक गूगी वा थिओंगो. त्यांनी इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या तेव्हा सत्तेला फारसं काही खुपलं नाही. १९७७ मध्ये लिमुरूजवळच्या कामिरीथू गावात शेतकरी आणि कामगार यांना घेऊन त्यांनी किकुयू भाषेत नाटक उभं केलं, आणि त्यांना खटल्याविना कामिटीच्या तुरुंगात टाकलं गेलं. १९८२ पासून परागंदा झालेले गूगी २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत वारले. त्यांच्या पिढीत देश सुटला की देशाशी बोलणं पत्रांवर आणि चोरून पोचणाऱ्या पुस्तकांवर येई. आजची मुलगी विमानात बसली तरी सभेतून उठत नाही. फरक केवढा, पण सरकारं बिचकतात त्याच गोष्टीला, पुस्तकी कारभार चुलीजवळच्या भाषेत उतरला की.

मायदेश कोणाचा, हाही प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. पिओ गामा पिंटो गोव्याच्या कुटुंबातला, पण जन्म १९२७ मध्ये नैरोबीतला. भारतात शिकत असताना तो गोव्याच्या मुक्तीच्या कामात पडला, केनियात परतून पत्रकार झाला, इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलं. स्वातंत्र्यानंतर खासदार झाल्यावर गरिबांच्या जमिनीबद्दल बोलत राहिला. २४ फेब्रुवारी १९६५ ला त्याच्याच घराच्या आवारात त्याला गोळ्या घातल्या, धाकटी मुलगी गाडीत बसलेली असताना. वय सदतीस. नैरोबीतले डावे तरुण त्याचं नाव अजून घेतात. पणजीत किंवा मुंबईत किती जणांना ते ठाऊक आहे, याचा अंदाज करायचा धीर होत नाही.

‘आफ्रिकेचे तरुण जागे झाले’ असे मथळे वाचले की मला कंटाळा येतो. ते झोपले कधी होते? नायजेरियातल्या लागोसमध्ये २०२० च्या ऑक्टोबरात पोलिसांच्या सार्स पथकाविरुद्ध मुलं रस्त्यावर आली होती. युगांडानं २०१८ मध्ये समाजमाध्यमं वापरण्यावर दिवसाला २०० शिलिंगांचा कर लावला होता, आणि बोलण्यावर कर बसवणाऱ्या सरकारला तरुणांची झोप उडाल्याचं केव्हाच कळलेलं असतं. शिवाय चोपन्न देशांचा एक ‘तरुण’ करून टाकणं ही आपलीच सोय.

केनियातला विजय निर्भेळ नाही. मागे घेतलेल्या करांपैकी काही त्याच डिसेंबरात दुसऱ्या कायद्यातून परत आले. टीका करणारी मुलं रस्त्यावरून उचलली जाऊ लागली. रुटोंची चित्रं काढणारा एक व्यंगचित्रकारही त्यांत होता. विरोधी पक्षातली काही मंडळी त्याआधीच मंत्री होऊन बसली होती.

तरी २०२५ चं वित्त विधेयक आलं, आणि पुन्हा वाचन सुरू झालं. या वेळी करखात्याला लोकांच्या खासगी माहितीत शिरू देणारं कलम सापडलं. एका सॉफ्टवेअर बनवणाऱ्या तरुणीनं साधी सोय केली: बटण दाबलं की तुमची हरकत ई-मेलनं संसदेच्या समितीकडे जाते. हरकती मागवणं हे तर संसदेचंच काम. पोलिसांनी तिला पकडलं, आठवड्याची सुटी पुरती कोठडीत घालवायला लावली आणि सायबर गुन्ह्यांच्या कायद्याखाली न्यायालयात उभं केलं. २० जूनला दंडाधिकाऱ्यांनी आरोपपत्रात गुन्हाच दिसत नाही म्हणून ते फेटाळलं. खासगी माहितीचं ते कलमही संसदीय समितीनं गाळून टाकलं.