कलमदानाचा आतला खण

लांबी वीतभर, रुंदी दोन-तीन बोटं, दोन्ही टोकं गोलसर. इराणी कलमदान बहुधा काचेआडूनच पाहावं लागतं. संग्रहालयवाल्यांनी ते अर्धवट उघडून ठेवलेलं असलं, तरच त्याची खरी गंमत कळते. काड्यापेटीसारखा आतला खण बाहेर सरकतो. खणाच्या एका टोकाला इवलीशी दौत, तिच्यात रेशमी धाग्यांचा बोळा. शाई त्या बोळ्यात मुरून राहते, सांडत नाही आणि बोरूही ती बेतानंच उचलतो. शेजारी बोरू आणि ते छाटायची सुरी.

हे सगळं बहुतेक वेळा कागदाचं असतं, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. साच्यावर कागदाचे थर खळीनं चढवायचे, वाळले की वर पांढरा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचा, त्यावर जलरंगात चित्र काढायचं आणि मग रोगणाचे हात. रोगण म्हणजे झाडाची राळ आणि जवसाचं तेल. जवस आमच्या विदर्भातलं, चटणीत खायचं. त्याच तेलाखाली इस्फहानचे गुलाब आणि बुलबुल तीनशे वर्षं टिकले. वयाबरोबर रोगण पिवळं पडतं, मग पांढऱ्या फुलाला मधाचा रंग येतो आणि निळं आभाळ हिरवट दिसू लागतं. मला ते मूळ रंगांपेक्षाही बरं वाटतं. चित्रकाराला कदाचित वाटलं नसतं.

ही कला ऐन भरात आली ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, इस्फहानला. मुहम्मद जमान हे त्यातलं मोठं नाव. तो सही करताना ‘या साहिबुज्जमान’ असा धावा लिहायचा आणि त्यातच आपलं नाव मुरवायचा. पुढे एकोणिसाव्या शतकात नजफ अली ‘या शाहे नजफ’ लिहू लागला. प्रार्थनाही झाली आणि सहीही. त्या काजार घराण्याच्या काळात झाकणावर गर्दी फार वाढली. लढाया, दरबार, युरोपीय बायका, जागा मिळेल तिथे एक चेहरा. कसब थक्क करणारं आहे, पण मी तिथे फार वेळ थांबत नाही.

मी थांबतो खणाच्या बाजूंपाशी. लाल किंवा काळ्या रंगावर बारीक सोनेरी वेल, पानाला पान लागून गेलेली. खण आत सरकवला की ती दिसतच नाही. डबीच्या तळालाही तशीच नक्षी, म्हणजे पाहणार कोण, तर खालची बैठक. झाकण दरबारासाठी असेल. वजिराला पद मिळायचं तेव्हा त्याची खूण म्हणून कलमदान दिलं जायचं, ते चारचौघांत मिरवायचं. खणाची वेल मात्र दिवसातून पन्नास वेळा तो खण ओढणाऱ्याचीच. जमाखर्चाचा आकडा मांडायचा, शाई संपली की खण ओढायचा, वेल बघायची, पुन्हा आकडा. मला हे औदार्य वाटतं, आणि ते कारकुनाच्या वाट्याला आलं याचा आनंदही होतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कळंबला बसून हे सुचायला कारण आहे. आज लोक इथे चिंतामणी गणपतीसाठी येतात, पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात जातात, कुंडातलं पाणी कधी वर येईल ते विचारतात. पण १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेलं आणि अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाडची सरकारं, म्हणजे महसुली विभाग, नोंदवली, त्यांत कळंबचं नाव आहे. परगण्यांचा महसूल दाम या नाण्यांत मांडलेला. म्हणजे या मातीतल्या ज्वारीचा हिशेब कुणीतरी फारसीत लिहून काढला. त्याच्याकडे रोगणी कलमदान असण्याची शक्यता कमीच, ती तऱ्हा अजून भरात यायची होती. फार तर कमरेला खोवायचं धातूचं साधं कलमदान, दौत त्यालाच जोडलेली.

रंगीत डब्या हिंदुस्थानात काश्मीरनं आपल्याशा केल्या. तिथे कागदाच्या लगद्याच्या या कामाला ‘कार-ए-कलमदानी’ म्हणत, कलमदानावरूनच. आपल्याकडे सावंतवाडीला चितारी मंडळींनी चिंचोक्याची खळ कापडाला चोपडून गंजिफा रंगवल्या, लाखेचा हात दिला आणि पत्ते ठेवायच्या लाकडी पेटीवरही दशावतार काढले. कारागिरी वेगळी, पण डबीवर जीव टाकणं तेच.

आमच्या गावात लिहिण्यावर पोट असलेले गृहस्थ आता तहसीलसमोर बसतात. अर्जनवीस. टेबल, छत्री, कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आणि एक पत्र्याचा डबा. डबा बाहेरून गंजलेला, कोपरे चेपलेले. आत शाईचं पॅड, टाचण्या, रेव्हेन्यू स्टँपची पाकिटं, तीन-चार बॉलपेन. झाकणाच्या आतल्या बाजूला कॅलेंडरातून कापलेला चिंतामणी चिकटवलाय, कडेनं जरीची पट्टी लावून. सातबाऱ्यातलं नाव दुरुस्त करायचा अर्ज घेऊन मी समोर बसलो होतो. त्यांनी डबा माझ्याकडे पाठ करून उघडला. चिंतामणी मला नुसता झाकण मिटताना दिसला.

काम झाल्यावर मी त्यांना इराणच्या कलमदानाचं सांगितलं. खणाच्या बाजूंवरची सोन्याची वेल, तळावरची नक्षी, सगळं. ऐकलं त्यांनी मन लावून.

“कुलूप लागे काय त्याले?”

“नाही काका, खण नुसता आत सरकवायचा.”

“मंग काय कामाचं जी? इथं दिवसाला दोन पेनं जातात,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातातलं पेन मागून घेतलं.