शेऱ्याचा रकाना

बाबांची वही शाळेच्या हजेरीपटासारखी होती. लांबट पानांची, जाड पुठ्ठ्याची, पाठीवर निळ्या कापडाची पट्टी चिकटवलेली. तिच्यात त्यांनी पाच रकाने आखले होते : तारीख, फुलं, साखर, बाटल्या, शेरा. पहिली नोंद 1974 च्या मार्चची, त्यांची शेवटची 2019 च्या मार्चची. मधलं एकच वर्ष कोरं आहे. त्या फाल्गुनात आजी गेली आणि घरात गोडाचं काही शिजलं नाही. बाकी पंचेचाळीस नोंदी, सगळ्या एकाच गोल, मास्तरी अक्षरात.

ही वही पळसाच्या फुलांच्या सरबताची.

एरवी बाबा स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा उभे राहत नसत. पण शिवरात्र झाली की त्यांच्या सायकलच्या हँडलला दोन रिकाम्या पिशव्या लटकायला लागत. सेलूहून हिंगणीकडं निघालं, की पुढं बोर धरणापर्यंत रस्त्याकडेला, धुऱ्यांवर, नाल्याकाठी पळसच पळस. कापूस वेचून झालेला, तुरी निघालेल्या, वावरं उघडी पडलेली; आणि पान न उरलेल्या त्या वाकड्यातिकड्या, काळ्या फांद्यांवर तेवढं केशरी. बोरचं अभयारण्य 1970 सालचं. 2014 मध्ये त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. आम्ही त्या बाजूला कधी फुलांना गेलो नाही. जंगलातली फुलं जंगलाची, असं बाबा म्हणत. आपण धुऱ्यावरची घ्यायची, तीही पडलेली.

फुलं पडत ती पाखरांच्या धांदलीनं. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, इवलेसे शिंजीर आणि परतीच्या वाटेवरच्या भोरड्यांचे थवेच्या थवे. पळसाच्या फुलाला वास जवळजवळ नाही, पण बुडाशी मध आहे, आणि त्या मधासाठी झाडावर नुसती जत्रा असते. म्हणून पहाटे जायचं. ऊन वर आलं की खाली पडलेली फुलं तासाभरात मलूल होतात, मुंग्या लागतात.

फूल हातात घेऊन बघितलं की संस्कृतात त्याला किंशुक का म्हणतात ते कळतं. हा पोपट तर नव्हे, असं विचारणारं ते नाव. खालची जोडपाकळी खरोखर चोचीसारखी वळलेली असते. पाकळ्यांवर रुपेरी लव, आणि देठाशी काळपट तपकिरी मखमलीची वाटी. ही वाटी काढणं हे आम्हा मुलांचं काम. ती राहिली तर सरबत तुरट होतं, तिची लव घशाला लागते. अंगणात पोतं अंथरून आम्ही बसायचो, डाव्या हाताच्या चिमटीत वाटी, उजव्या हातानं फूल ओढायचं. तासाभरानं बोटं पिवळी, नखांत काळी लव.

पुढचं सगळं बाबांचं. फुलं दोन पाण्यांतून काढून, कल्हई केलेल्या पितळी गंजात, कढत पाण्यात रात्रभर. सकाळपर्यंत पाणी गडद केशरी होई. ते मंद आचेवर धरायचं, पण उकळी फुटू द्यायची नाही. फुलं उकळली की रंगाबरोबर तुरटपणाही उतरतो, हे त्यांचं शास्त्र. मग आजोबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायचं. एका लिटरला पावणेदोन किलो साखर. साखर विरघळून पाक बोटाला चिकटायला लागला की गंज उतरवायचा, वेलदोडा, बडीशेपेची पुरचुंडी, शेवटी लिंबाचा रस. लिंबू पडताच केशरी रंग उजळून पिवळ्याकडं झुके. आम्ही त्या क्षणाची वाट बघत शेगडीभोवती उभे असायचो आणि बाबा मुद्दाम लिंबू हातात धरून थांबायचे. त्यांनीच एकदा उरलेल्या पाण्यात चिमूटभर चुना टाकून दाखवला होता. पाणी एकदम लालसर झालं. आंबटानं फिकं, चुन्यानं गडद. शाळेतली प्रयोगशाळा मी नंतर पाहिली.

वहीत पहिल्या वर्षाची नोंद अशी : साखर 1 किलो (रेशनची), बाटल्या दीड. साखर कार्डावर मोजून मिळत असे, म्हणून पाकही कार्डाच्या मापाचा. आकडे पुढं हळूहळू वाढत जातात. मी दहावीला होते त्या वर्षी 7 किलो साखर आणि 11 बाटल्या. त्या रकान्यावरून नुसतं बोट फिरवलं तरी आमच्या घराची चढती स्थिती कळते. आणि शेवटच्या रकान्यात, वर्षानुवर्षं, थोड्याफार फरकानं एकच वाक्य : तिच्या मते वेलदोडा जास्त.

ती म्हणजे आई. पहिला पेला तिला द्यायचा, तिनं उभ्याउभ्या दोन घोट घ्यायचे, आणि शेरा द्यायचा. बाबा तो जसाच्या तसा लिहून घेत. पुढच्या वर्षी वेलदोडे काही कमी करत नसत.

आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. पोस्टमन, वीजबिलवाला, लग्नपत्रिका घेऊन आलेले पाहुणे, जो कोणी त्या उन्हातून दारात येई त्याला आधी माठातल्या पाण्यात दोन चमचे पाक आणि भिजलेला सब्जा. कुणाला उन्हाळी लागली, लघवीची जळजळ सुरू झाली, की शेजारच्या घरातून वाटी घेऊन पोरगं येई. लहान मुलांना वाळवलेल्या पळसफुलांच्या पाण्यानं आंघोळ घालायची, म्हणजे ऊन बाधत नाही, ही तर घरोघरची रीत. या सगळ्यामागं वैद्यकाचा आधार किती, हा हिशेब आम्ही कधी केला नाही. तलखीतून आलेल्या माणसाचा चेहरा त्या पेल्यानं सैल होताना मी पाहिला आहे.

बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिथून झाकिर हुसेन समितीची नई तालीम देशभर गेली; हातानं काम करत शिकायचं हा तिचा गाभा. बाबा नोकरीला लागले तोवर ती योजना बहुतेक कागदावर उरली होती, पण त्यांनी ती मनावर घेतलेली होती. दरवर्षी ते वर्ग घेऊन वर्ध्याला मगन संग्रहालयात जात, जे 1938 च्या डिसेंबरात गांधीजींनी उघडलं. आणि दरवर्षी फाल्गुनात एका सकाळी वर्ग घेऊन नाल्याकाठी जात. फुलं वेचताना ते मुलांना दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट सांगत. इंग्लंडला जहाजांनी येणारी संत्री बंद झाली, लहान मुलांना क जीवनसत्त्व मिळेना. तेव्हा तिथल्या शाळकरी पोरांनी कुंपणावरच्या रानगुलाबाची लाल फळं पिशव्या भरभरून गोळा केली आणि त्यांचा पाक करून तान्ह्या बाळांना पाजला गेला. त्या फळांच्या आतही बारीक केस असतात, घशाला खाजरे, म्हणून तो पाकही दोनदा गाळावा लागतो. इथं बाबा थांबत आणि वाट बघत. कुणीतरी ओरडेच, ‘सर, आपल्या पळसावानी!’ त्यांना तेवढंच हवं असे. वर्ध्याच्या नाल्याकाठचं पोरगं आणि इंग्लंडच्या कुंपणाकाठचं पोरगं एका कामाला लागलेलं.

बाबा 2019 च्या भाद्रपदात गेले. तीन दिवसांचा ताप, एवढंच निमित्त. त्या वर्षीच्या 8 बाटल्यांपैकी एक उरली होती.

पुढच्या फाल्गुनात मी नागपूरहून सेलूला गेले ती हे करायचंच असं ठरवून. वही होती, गंज होता, फडकं होतं, सगळं माप लिहिलेलं होतं. रस्त्यालगतच्या पहिल्या बहरलेल्या झाडाखालची फुलं वेचली. आईच्या साखरेच्या आजारामुळं पाकात साखर निम्मी केली. सरबत झालं, पण जीभ आखडावी इतकं तुरट. मग टाळेबंदी आली, मी तिथंच अडकले. एप्रिलच्या एका दुपारी कोपऱ्यात फट्‌कन आवाज आला. बाटलीचं बूच उडालं होतं, पाक फसफसून भिंतीवर ओघळला होता, घरभर आंबूस वास. पाण्याच्या पावणेदोन पट साखर गोडीसाठी नसते, टिकण्यासाठी असते. एवढी दाट साखर असली की आंबवणारे जंतू त्यात सहसा वाढू शकत नाहीत. हे मला ठाऊक होतं. बाबांच्या तोंडून दहादा ऐकलं होतं. भिंत पुसताना मला पहिल्यांदा मोकळं रडू आलं. ते गेले तेव्हा पाहुण्यांच्या चहापाण्यात ते राहूनच गेलं होतं.

साखरेची चूक माझी होती. तुरटपणाचं कोडं मात्र सुटेना. वाट्या तर एकूण एक काढल्या होत्या, पाणी उकळू दिलं नव्हतं. शेवटी आठवलं ते असं की बाबा दिसेल त्या झाडाखाली कधी थांबत नसत. सायकल हाणत सरळ एका ठिकाणी जात. तिथं पोचल्यावर पहिलं पडलेलं फूल उचलून बुडाकडून चोखत आणि एक माझ्यापुढं धरत. ‘चाखून पाय, बाई.’ मी चोखायची. गोड लागायचं. मग पिशव्या उघडायच्या.

म्हणजे झाड ठरलेलं होतं. आणि पंचेचाळीस नोंदींत ते कुठलं झाड, हे एकदाही लिहिलेलं नाही. तारीख आहे, साखर ग्रॅमपर्यंत आहे, वेलदोड्याचं गाऱ्हाणं आहे. झाडाला रकानाच नाही. बरोबर मी असायचे, माझ्यामागून धाकटा भाऊ असायचा, त्यांना वाटलं असेल की आम्हाला माहीतच आहे. मी सायकलच्या दांडीवर बसून त्यांच्या घंटीशी खेळत गेले; वाट त्यांनी पाहिली.

आईला विचारलं. ती म्हणाली, ‘शेंदूर लावलेला दगड होता ना तिथं, त्याच्या मागं.’ दुसऱ्या दिवशी भावाच्या गाडीवर आम्ही तो दगड शोधायला निघालो. रस्ता मधल्या काळात रुंद झाला होता. दगड सापडला. त्याला आता टाइल्स लावलेला छोटा ओटा आहे, वर पत्रा आहे, कुणीतरी जास्वंदीचं फूलही वाहिलं होतं. शेजारच्या पानटपरीवाल्यानं सांगितलं की दगड पहिले इथं नव्हता, रस्त्याच्या कामात उचलून इकडं आणला. कुठून, ते त्याला सांगता आलं नाही. त्यानं हातानं मोघम दाखवलं तिथं डांबर होतं.

दगड उचलायला गावानं नारळ फोडला असेल. झाडासाठी कुणी थांबलं असेल असं वाटत नाही. पळस काय, कुठंही उगवतो. तोडला तरी बुडातून फुटतो. पत्रावळीला पानं हवीत म्हणून, जळणाला हवा म्हणून त्याला पिढ्यान्‌पिढ्या छाटतच आलेत, आणि तो फुटतच आला आहे. पण डांबराखालून नाही.

त्यानंतर मी दर फाल्गुनात जाते आणि चाखत हिंडते. एका झाडाचं फूल कडसर, एकाचं नुसतं पाणचट, एकाचं गोड वाटतं पण मागं तुरटी उरते. लहानपणच्या त्या चवीशी ताडून बघते आणि दोन-तीन वर्षांत माझ्या लक्षात आलं की ती चवच आता माझ्याजवळ पक्की राहिलेली नाही. प्रत्येक नव्या फुलानं ती जराशी पुसली जाते. फडक्याचंही तसंच. पळसाचा रंग तुरटी लावल्याशिवाय कापडावर पक्का बसत नाही, आणि गाळायच्या फडक्याला तुरटी लावायची नाही म्हणून बाबांनी तो कच्चाच ठेवला. वर्षभरात धुवून धुवून तो फिका व्हायचा, फाल्गुनात पुन्हा भरायचा. 2019 चा रंग त्यात आता किती उरला असेल? माझ्या वर्षांचा त्यावर चढला आहे.

ती उरलेली बाटली आईच्या कपाटात आहे. चार बोटं पाक, काळसर तपकिरी झालेला, तळाशी साखरेचे खडे. चिठ्ठीवर बाबांचं अक्षर. मी ती एकदाच उघडू का म्हणून विचारलं होतं, चवीसाठी, झाड ओळखायला. आईनं कपाटाची किल्ली कनवटीला लावली आणि कणीक मळायला गेली.

2024 च्या मार्चमध्ये नाल्यावरच्या लहान पुलाच्या अलीकडं एक पळस सापडला. बुंध्याशी उधईचं वारूळ, एक फांदी पाण्याकडं झुकलेली. त्याचं फूल गोड होतं, निदान त्या सकाळी. 4 किलो साखर घातली, पुरती. 6 बाटल्या झाल्या. वहीच्या उजव्या समासात, शेऱ्याच्या पलीकडं, पट्टी लावून मी एक रकाना आखला आणि लिहिलं : हिंगणी रस्ता, लहान पुलाच्या अलीकडं डावीकडचा दुसरा, वारुळाचा. बाबांच्या अक्षरापुढं माझं अक्षर फार तिरकं दिसतं.

मग आईला पेला नेऊन दिला. साखर तिला चालत नाही, दोनच घोट. ती आता उभी राहून पीत नाही. पलंगावर बसली, दोन्ही हातांत पेला धरून. वेलदोडे मी मुद्दाम जास्त घातले होते. पेन उघडून मी वाट बघत बसले. तिनं दुसरा घोट बराच वेळ तोंडात धरला, गिळला, आणि पेला माझ्याकडं दिला.

‘तुरट आहे,’ ती म्हणाली. ‘लिहून घे.’