फिनिक्सच्या परसातला मुरूम

आमच्या गल्लीत पाण्याची पाळी असते, हे गावी न्हावऱ्याला फोनवर सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. अमेरिका म्हणजे नळ, फवारे आणि यंत्रं! पण फिनिक्सच्या जुन्या वस्त्यांत आजही कालव्याचं पाणी परसात सोडतात. सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट ही संस्था 1903 सालची, तिचं रूझवेल्ट धरण 1911 चं. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. आधी मागणी नोंदवायची, मग वेळ कळते, आणि ती रात्री दोनचीही असू शकते. लॉनला चारी बाजूंनी बांध घातलेला असतो. दार उचललं की घोट्यापर्यंत पाणी भरतं. दिवसभर संगणकापुढे बसून रात्री बॅटरी घेऊन दारं धरणारा शिरूर तालुक्यातला माणूस इथे मी एकटाच नसेन. घोडच्या कालव्याचं आवर्तन आणि हे, फरक एवढाच की इथे पाळी चुकली तर भांडण ईमेलवर होतं.

हे सगळं सांगायचं कारण, याच लॉनचा मागचा तुकडा काढून तिथे आम्ही कृत्रिम गवताचं कोर्ट केलं. पोरांना नेटमध्ये क्रिकेट खेळायचं होतं आणि पाळीनंतर दोन-तीन दिवस सगळा चिखल. गावाकडून अण्णा आले होते. पहिल्यांदा त्यांनी विचारलं ते खर्चाचं नाही. ‘‘येवढी पाण्याखालची जमीन, अन् तिच्यावर प्लॅस्टिक?’’ शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनीही तेच विचारलं, वेगळ्या शब्दांत. चारी सगळ्यांची आहे, एकाने पाळी सोडली की बाकीच्यांना चारी साफ ठेवणं जड जातं, पुढचं लॉन आणि पिकॅनचं झाड पाण्यावरच ठेव, असा त्यांचा हुकूम. तो मानला. कोर्ट सहा इंच उचलून घेतलं, कडेला काँक्रीटचा बांध घातला. आता पाणी त्याच्या अलीकडेच थांबतं.

चँडलर-गिल्बर्टकडच्या मित्रांना कालवा नाही, पण त्यांना सोसायटी आहे. तिथे घराला कुठला रंग द्यायचा हेही कमिटी ठरवते. जिथे खऱ्या गवताला परवानगी आहे तिथे कृत्रिम गवताला सरसकट बंदी घालता येणार नाही, असा कायदा ॲरिझोनाने 2022 मध्ये केला, तेव्हा त्यांचा मार्ग मोकळा झाला. रंग-नमुन्याचे नियम मात्र कमिटीच्याच हातात.

खणण्याआधी 811 ला फोन करायचा. मग माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारून जातात: वीज लाल, गॅस पिवळा, पाणी निळं, टेलिफोन-इंटरनेट नारिंगी. अण्णा त्या रेघांवर बेहद्द खूश. ‘‘आपल्याकडं केबल तुटल्यावर कळतं कुठं होती ती.’’

वीतभर खाली कुदळ खणकन वाजली. पांढरा, दगडासारखा थर. ठेकेदाराचा माणूस त्याला कलिची म्हणाला आणि तोंड वाकडं केलं. अण्णांनी खडा उचलला, नखाने खरवडला. ‘‘चुनखड!’’ परदेशात आल्यापासून एवढ्या ओळखीचं त्यांना काहीच भेटलं नव्हतं. फोडायला ब्रेकर आणावा लागला, बिल वाढलं. मग ट्रकभर तपकिरी खडीचुरा आला. अण्णांनी मूठभर घेऊन पाण्याचा शिपका दिला, दाबला, गोळा धरून पाहिला. मुरूमच.

टर्फचं खरं काम इथे असतं, गवत शेवटच्या दिवशी येतं. मुरुमाचे दोन-दोन इंचांचे थर, प्रत्येक थर ओला करून कंपॅक्टरने ठोकायचा. खेळपट्टी लांबीला बावीस यार्ड पाणसळीत सपाट, पण रुंदीला किंचित उतार, दहा फुटांना सव्वा इंचाच्या आसपास. तो डोळ्याला दिसत नाही, पावसाला दिसतो. मग पंधरा फुटी गुंडाळ्या उलगडायच्या. सगळ्या पात्यांचा कल एकाच दिशेला हवा, नाहीतर सांधा लांबूनही ओळखू येतो. खाली पट्टी, गोंद, कडेला लांब खिळे, वरून वाळू टाकून झाडूने आत जिरवायची. टायरचा रबरी चुरा घ्या, मऊ लागतो, असा आग्रह झाला होता. मी वाळूच घेतली. असा चुरा पावसाबरोबर नाल्यात जातो, म्हणून युरोपीय संघाने 2023 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी ठरवली आहे, मैदानांना 2031 पर्यंत मुदत देऊन. आपण आजच कशाला विकत घ्यायचा?

चेंडू कसा येतो? सरळ, खोटं न बोलता. मला तेच थोडं कमी वाटतं. दौंडला मामा रेल्वेत होते, त्यांच्याकडे सुट्टीत आम्ही दाबलेल्या मुरुमावर काथ्याचं मॅटिंग टाकून खेळायचो. जो उशिरा येईल त्याने खिळे ठोकायचे. मॅटिंग सैल राहिलं की चेंडू हातभर वळे आणि प्रत्येक जण स्वतःला फिरकीपटू समजे. पृष्ठभाग बदलला की खेळाडू बदलतो, हे हॉकीवाल्यांना विचारा. 1975 मध्ये गवतावर विश्वचषक जिंकलेला भारत 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदानावर सातवा आला.

आता उन्हाचं. 2023 च्या जूनअखेरीपासून फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता. युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात 2002 मध्ये मोजमाप झालं, तेव्हा हवा 37 अंशांच्या आसपास असताना कृत्रिम गवत 93 अंशांपर्यंत तापलेलं आढळलं. पाणी मारलं तर गार होतं, वीसेक मिनिटांत पुन्हा पोळायला लागतं. म्हणजे जून ते सप्टेंबर आमचं कोर्ट उजाडण्याआधी नाहीतर रात्री दिव्यात. मधल्या वेळात मांजरसुद्धा कडेकडेने जातं. शेजारच्या बाईंचं लॉन तेव्हाही गार असतं, आणि ते त्या मला सांगायला विसरत नाहीत.

आमचं कृत्रिम गवत दहा-पंधरा वर्षांनी झिजेल, मग ते कचऱ्याच्या डेपोत जाईल. काढलेली माती मात्र अण्णांनी कुणाला नेऊ दिली नाही. पिकॅनच्या आळ्यात तिचा ढीग आहे.

शिरूर-दौंडकडे रस्त्याकडेला जाळ्या आणि दिवे लावलेली टर्फ आता भाड्याने मिळतात, आणि बंगल्यामागे तसंच करू का, म्हणून मला फोन येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: नको. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती मुरूम लागेपर्यंत पूर्ण काढली नाही तर दुसऱ्या पावसाळ्यात टर्फला उंचवटे येणार. ती काढायची, मुरूम भरायचा, ठोकायचा, म्हणजे निम्मी खेळपट्टी तिथेच झाली. वरती मॅटिंग टाका. बंगल्यात पोरं दोन, शाळेत दोनशे, तेव्हा हे काम गावच्या झेडपी शाळेच्या मैदानावर करा, रोलर ग्रामपंचायतीकडून मागा. आणि खिळे रोज संध्याकाळी मोजून घरी न्या, मैदानात ठेवले तर सकाळी सापडणार नाहीत.