मुरलेला चिरूट

तमिळ भाषेत 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. इंग्रजांनी या शब्दाला आपले वळण दिले आणि मराठीत तो 'चिरूट' म्हणून रुळला. दोन्ही टोके सारखी छाटलेला, बिनटोपीचा हा तंबाखूचा दंड तिरुचिरापल्लीच्या नावाने जगभर गेला. 1887 साली प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत, मागे राहिलेल्या राखेवरून गुन्हेगार तिरुचिरापल्लीचा चिरूट ओढत होता, हे ओळखले जाते. राख साक्ष देते, ही गोष्ट साहित्याने अशी फार लवकर ध्यानात घेतली.

दख्खनचा तंबाखूशी संबंध त्याहूनही जुना आहे. पोर्तुगिजांनी आणलेले हे पान सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात मिळत होते. अकबराचा दूत असद बेग याने ते तेथूनच बादशहापुढे नेले. अकबराने दोन-चार झुरके घेतले आणि दरबारी हकिमांत वाद माजला. ज्या विजापूरने दिल्लीला तंबाखू दिला, त्याच विजापूरच्या फौजांबरोबर मराठीही बेंगळूरला आली. 1537 मध्ये केंपेगौडाने वसविलेले हे गाव 1638 मध्ये आदिलशाहीने जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत गेले. चिकपेटेच्या गल्ल्यांत आजही काही घरांत उंबऱ्याच्या आत मराठी व बाहेर कन्नड बोलली जाते. चार शतके परमुलखात मुरलेली ती मराठी आहे.

'मुरणे' हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. लोणचे मुरते, दही मुरते, पाऊस जमिनीत मुरतो; तसाच तंबाखूही मुरतो. वाळलेल्या पानांच्या राशी रचल्या की त्या आतून तापतात, अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो, पानाचा तिखटपणा ओसरतो. वळून झालेल्या चिरुटातही हा व्यवहार मंदगतीने चालूच राहतो. मात्र त्याला साठ ते सत्तर टक्के आर्द्रता व बेताची उष्णता लागते. हवा कोरडी झाली की पान ठिसूळ होऊन सुगंध उडतो. उष्मा वाढला की पानातले किडे जागे होतात. बेंगळूरचे हवामान या कामाला बरेचसे अनुकूल, पण फाल्गुन-चैत्राची कोरड तेवढी सांभाळावी लागते.

चिकपेटेतील एका मराठी कापडव्यापाऱ्याच्या घरी अशी एक लाकडी पेटी होती. तिरुचिरापल्लीचा एक घाऊक गिऱ्हाईक दर दिवाळीला उरैयूरच्या चिरुटांची जुडी आणीत असे. दुकानात रेशीम, तेथे ठिणगीला थारा नव्हता. घरातही गृहिणीला धुराचा तिटकारा, म्हणून गृहस्थ रात्री गच्चीवर जाऊन एक चिरूट ओढीत. 1988 मध्ये घशाच्या कर्करोगाने ते गेले. शेवटची जुडी न सोडता तशीच राहिली. ती फेकली जाणार, असेच सर्वांना वाटले होते. पण गृहिणीने ती मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवली आणि पुढे दरवर्षी होळीच्या सुमारास ती पेटीच्या कोपऱ्यात ओल्या खापराचा तुकडा ठेवू लागली. कोणी विचारलेच, तर 'राहू दे' एवढेच म्हणे. 2011 मध्ये ती गेल्यावर खापर भिजविण्याचे काम मुलाने उचलले. वडिलांचा शेवट पाहिलेल्या त्या मुलाने जन्मात धूम्रपान केले नव्हते.

सत्तरी उलटल्यावर एका रात्री त्याने गच्चीवर जाऊन त्यातला एक चिरूट पेटविला. त्याला वडिलांचा वास हवा होता. न पेटविलेल्या चिरुटाला जुन्या वह्यांचा आणि धण्यांचा मंद वास होता. पहिला तिसरा भाग जळेपर्यंत जिभेवर काहीच उमटले नाही. धूर मऊ, जवळजवळ परका. दुसऱ्या भागात भाजलेल्या गुळाची गोडी आली. काळाने पानातला सारा राग काढून घेतला होता. पण त्या रागाबरोबर वडीलही निघून गेले होते. अखेरच्या भागात, साचलेल्या डांबराने धूर जड व कडवट झाला, घसा खरवडला गेला, आणि तेथे मात्र तो वास ओळखीचा होऊन आला. क्षणभर थांबून त्याने चिरूट विझविला.

आस्वादाची चर्चा करताना परिपक्वतेला आपण निर्दोषतेच्या जवळ नेऊन बसवितो. जुने ते सौम्य, सौम्य ते निरुपद्रवी, अशी ही सरणी आहे. तंबाखू तिला छेद देतो. पान सुकताना, आंबताना, मुरतानाच त्यात नायट्रोसामाइन नावाची कर्ककारक द्रव्ये तयार होतात. ज्या प्रक्रियेने चव निवते, तीच प्रक्रिया विषालाही जन्म देते. धूर छातीत न घेता तोंडातच घोळविला तरी तोंड, घसा व अन्ननलिका यांचा धोका टळत नाही. चिरुटाचा रसिक हे जाणून असतो. न जाणणारा फक्त व्यसनी असतो. पण जाणल्याने विषाची मात्रा कमी होत नाही.

त्या गृहिणीने हे कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. ज्याने नवऱ्याला नेले, ते तिने जाळले नाही आणि पुजलेही नाही. फक्त कोरडे पडू दिले नाही. पेटीत अजून काही चिरूट आहेत. मुलगा ते ओढणार नाही, कोणाला देणारही नाही. होळीच्या सुमारास खापर मात्र भिजविले जाते.