लिंबागणेशचे पाणी

बीड जिल्ह्यात पाणी नाही, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. उन्हाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांत टँकरचे आकडे येतात, त्यांच्या शेजारी हे नाव येते, आणि शहरातली आपण माणसे चहाचा घोट घेत ‘अरेरे’ म्हणून पान उलटतो. पण वाचकहो, पाणी काही एकाच जातीचे नसते. मराठीचा मास्तर म्हणून गेली वीस वर्षे मी मुलांना ‘पाणीदार’ या शब्दाचा अर्थ सांगत आलो आहे. आणि त्यातले पाणी विहिरीचे नसून पोलादाच्या पात्याला दिलेले आहे, हेही बजावत आलो आहे. मात्र ते पाणी कसे देतात, हे मी प्रथम पाहिले ते लिंबागणेशला. आणि तेही स्वयंपाकघरातल्या एका सुरीच्या निमित्ताने.

लिंबागणेश हे माझ्या आईचे माहेर. पुण्याहून निघाले की अहिल्यानगर, जामखेड, मग सौताड्याची दरी, पाटोदा आणि लिंबागणेश. तसेच पुढे गेले तर मांजरसुंबा. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली रामेश्वराच्या देवळाकडे उडी घेते. पावसाळा सरता सरता गेलात तर तिथे थांबल्यावाचून पुढे जाऊ नये. पुढे बालाघाटाचे उघडे माळ. नवरात्राच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. बीडच्या या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळण्यापूर्वीही ते इतकेच गोड होते, असे आईचे मत आहे. मांजरसुंब्याच्या रबडीबद्दल मी मुद्दामच लिहीत नाही. दिवाळी अंक हाती घेईपर्यंत वाचकाने आधीच पुष्कळ गोड खाल्लेले असते.

गाव भालचंद्र गणेशाचे. गणपतीला हसल्याबद्दल चंद्राला शाप मिळाला, त्याने तप केले, आणि प्रसन्न झालेल्या गजाननाने त्याला आपल्या कपाळी धारण केले, ही कथा आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली. ती घडली ती इथेच, असे गावकरी सांगतात. गणेशाच्या एकवीस क्षेत्रांत या ठिकाणाची गणना होते. दर्शन घेऊन बाहेर पडलो, की आईच्या माहेरचा भाचा म्हणून जो भेटेल तो ‘कधी आले भाचे?’ असे विचारतो. गावातला प्रत्येक पुरुष आपला मामा असावा, ही चैन शहरात कुठून मिळणार?

आता सुरीचे. आई ७६ वर्षांची आहे. जन्मभर तिने विळीवर बसून भाजी चिरली. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केली. ओट्याशी उभे राहून चिरायचे, तर सुरी हवी. मी दुकानातून एकामागून एक चार सुऱ्या आणल्या. एक जर्मनीतल्या झोलिंगेनची, चांगली महागाची. आईने ती गवारीच्या जुडीवर चालवून पाहिली आणि म्हणाली, “चांगली आहे रे, पण ही दुसऱ्या कुणाच्या हाताची आहे.” तिच्या बोटांना संधिवाताने थोडा बाक आला आहे, दुकानातल्या मुठी सरळ हाताच्या. विळीवर पाते स्थिर असते आणि भाजी फिरते, सुरीत नेमके उलटे. साठ वर्षांची ही सवय मोडायची, ती निदान मनाजोग्या पात्याने तरी मोडावी, एवढीच तिची मागणी होती. “माझ्या विळीचं पातं लिंबागणेशच्या लोहारानं केलंय. त्याच्या मुलाला विचार,” असे ती म्हणाली.

म्हणून गेल्या नवरात्रात जुनी विळी पिशवीत घालून मी लोहारमामांच्या दारात उभा राहिलो. मामा साठीचे. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, मध्ये कोळशाची भट्टी. चामड्याचा भाता आता एका कोपऱ्यात पडलेला, त्याच्या जागी विजेचा पंखा. ऐरण मात्र आजोबांच्या वेळची, मध्ये किंचित खोलगट झालेली. मामा सांडशीत लाल लोखंड धरतात आणि मामी समोर उभ्या राहून दोन्ही हातांनी घण घालतात. मामा हातोडीने जिथे टिचकी मारतील, तिथेच घण पडायचा. तोंडाने एक शब्द नाही. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ (१९६५) मधले लोहार जोडपे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. पडद्यावर न येणारी गोष्ट एवढीच, की घणाचा आवाज छातीत ऐकू येतो.

मामांनी विळी हातात घेतली आणि बराच वेळ पाहिली. मग सहाणेच्या चाकावर पात्याची कड हलकेच टेकवली. ठिणग्या उडाल्या, लांब आणि सरळ. नंतर एक दुसरा तुकडा टेकवला. त्याच्या ठिणग्या मध्येच फुटून त्यांना फुले आली, थेट फुलबाजीसारखी. “हे पोलाद,” मामा फुलांकडे बोट दाखवून म्हणाले, “आणि आक्काची ईळी म्हणजे आता नुसतं लोखंड. बापानं लोखंडाच्या कडंला पोलाद जोडलं होतं. ते आक्कानं चिरून चिरून संपवलं.” ठिणगीला जितकी फुले तितका कार्बन अधिक, हे आमचे रसायनशास्त्राचे सहकारी नंतर मला समजावून सांगत होते. मामांना त्या शब्दाची गरज पडलेली नाही.

नवी सुरी ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून करायची ठरली. पण केव्हा? मामांनी हाताने शेडच्या मागच्या भिंतीकडे दाखवले. तिथे कोयत्यांचा ढीग होता.

इथे थोडे थांबले पाहिजे. बीड जिल्हा म्हणजे ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा झाला की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांकडे निघतात, आणि पुढचे पाच-सहा महिने गावात म्हातारी आणि शाळेतली पोरे राहतात. या धंद्यात माणसे मोजीत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटे माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. हत्याराचे नाव माणसाला लागावे, असे दुसरे उदाहरण मला तरी मराठीत चटकन आठवत नाही. व्याकरणात याला लक्षणा म्हणतात. वर्गात शिकवताना मी आजवर दुसरीच उदाहरणे देत असे. आता हे देतो, आणि ते दिल्यावर वर्ग जरा गप्प होतो.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात पंचविशीतली एक बाई आली. तिच्या हातातला कोयता नवाच होता, बाजारातून आणलेला. म्हणाली, “मामा, मूठ बारीक करून द्या. हातात फिरतोय, अन् दिवसाकाठी तळहात सोलून निघतो.” मामांनी तिला मूठ वळायला सांगितली, आपला अंगठा तिच्या बोटांशी लावून माप घेतले आणि कोयता बाजूला ठेवला. बाई मोळ्या बांधते आणि पुरुष तोडतो, असे आपण वाचतो. प्रत्यक्षात दोघांच्याही हाती कोयता असतो. शिवाय पहाटेचा स्वयंपाक, पाणी आणि मूल हे एकटीचे. कामाचा दिवस चुकला तर ‘खाडा’ लागतो आणि त्याचा दंड कापला जातो. हा खाडा चुकवण्यासाठी किती बायकांनी काय काय सोसले, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचले. गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, सरकारने समिती नेमली. सणाच्या अंकात हे कशाला, असे कुणी म्हणेल. पण फराळाच्या ताटातली साखर येते कुठून?

“तुमची सुरी दिवाळीनंतरबी भाजी कापील, भाचे,” मामा म्हणाले. “हिची टोळी परवा निघती.”

याला उत्तर नव्हते. मी निदान आगाऊ पैसे तरी द्यावेत म्हणून पाकीट काढले. मामांनी हात जोडले. “उचल नको. उचल घेतली की माणूस बांधला जातो. माल बघा, मग द्या.”

माप मात्र त्यांनी त्याच दिवशी घेतले. मी पुण्याला आईला फोन लावला आणि पडद्यावर तिचा चेहरा दिसताच मामा ओरडले, “आक्का, लाटणं आना!” आईने लाटणे आणले. कुठे धरल्यावर बरे वाटते, जाड बाजूला की टोकाकडे, अंगठा कुठे टेकतो, कोणते बोट वळत नाही, असे प्रश्न दहा मिनिटे चालले. माझ्या लक्षात आले, की तिच्या दुखण्याची इतकी बारीक चौकशी मीही कधी केली नव्हती. शेवटी आईने माहेरच्या चिंचेच्या झाडाची चौकशी केली. ते पडले होते. मग दोघेही जरा वेळ काही बोलले नाहीत.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा गाव अर्धे रिकामे होते. मामांना सवड होती, म्हणून सगळे काम डोळ्यांनी पाहता आले. पाट्याचा तुकडा भट्टीत घालायचा, नारिंगी झाला की ऐरणीवर, चार-पाच घाव बसेपर्यंत तो काळवंडतो, की पुन्हा भट्टीत. असे किती वेळा झाले ते मी मोजायचे सोडून दिले. पाते हळूहळू रुंद होते, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. मागच्या बाजूला एक निमुळते शेपूट राखतात. ते तापवून बाभळीच्या मुठीत ठोकले की लाकूड जळून आपली जागा आपणच करते.

आणि मग पाणी. मामांनी शेडच्या दाराला गोणपाट लावून अंधार केला. उजेडात लोखंडाचा रंग फसवतो. पात्याचा लाल रंग सगळीकडे सारखा झाल्यावर त्यांनी ते एकदम डब्यात बुडवले. चर्र आवाज, धुराचा लोट. डब्यात होते तेल! “पाण्यात घातलं तर हे पोलाद तडकतंय,” मामा म्हणाले, “पन म्हनायचं पानीच.” मी खूश झालो, शब्द असे आपल्या मूळ अर्थापेक्षा जास्त जगतात. आता ते पाते काचेसारखे कठीण, आणि काचेसारखेच ठिसूळ. ते घासून पांढरे करायचे आणि पुन्हा हलकेच शेकायचे. पांढऱ्यावर आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग वाळल्या गवताचा, मग तपकिरी, जांभळा, निळा. सुरीला गवताच्या रंगावर थांबवायचे. निळ्यापर्यंत गेले तर पाते लवचीक होते, पण धार टिकत नाही. हा रंग उतरायला डोळ्याचे पाते लवेल एवढाच अवधी. मामींनी पंखा बंद केला तो मामांच्या सांगण्याआधी.

या सगळ्या प्रांताला पोलादाचा वारसा मोठा आहे. १९४८ पर्यंत बीड ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानातल्या निजामाबादजवळच्या कोनासमुद्रम् गावी मुशीत पोलाद तयार होई आणि ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. कानडीतल्या ‘उक्कू’ या शब्दावरून इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ केले. आपण मात्र पोलाद हा शब्द फार्सीतून घेतला. माल आपला, नाव गिऱ्हाइकाचे! १७९४ साली मुंबईहून हेलेनस स्कॉट यांनी त्याचा नमुना लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडला, आणि पुढे १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडे यांनी या पोलादावर प्रयोग केले. फॅरडे हे स्वतः लोहाराचे चिरंजीव. मी ही हकिकत मामांना सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली आणि विचारले, “मग त्या पोरानं ऐरन सोडली का?” सोडली, असे मी सांगितले. “आमच्याबी पोरानं सोडली,” ते म्हणाले. मुलगा चाकणला एका कारखान्यात आहे. उसाच्या फडात आता तोडणीयंत्रेही फिरू लागली आहेत. ती सगळीकडे आली तर कोयत्याचे काय, असे मी विचारणार होतो, विचारले नाही.

सुरीचे सहाशे रुपये झाले. मी हात पुढे केला, पण मामांनी ती माझ्या हातात दिली नाही. धारेची वस्तू हातोहात दिली तर भांडण होते. त्यांनी ती ऐरणीवर ठेवली आणि मी उचलली. पाते काळपट, हातोडीच्या खुणा तशाच. धार मात्र चांदीच्या तारेसारखी. “आक्काला सांगा, लिंबू, कैरी चिरली की लगेच पुसायची, वल्ली ठेवायची नाही. आठ दिवसांनी तेलाचं बोट. ही काही तुमच्या स्टीलवानी चकचकीत ऱ्हानार नाही.” जुनी विळी त्यांनी परत दिली. तिला त्यांनी नुसती घासूनपुसून ठेवली होती. तिच्यावर घण घातला नव्हता.

घरी आल्यावर आईने सुरी हातात घेतली, अंगठा पाठीवर टेकवला, आणि काही न बोलता लाल भोपळा पुढे ओढला. दुपारी तिने मला हाक मारून विचारले, “त्या मुलीचा कोयता केला ना रे त्यानं आधी?” फोनवर ती सगळे ऐकत होती तर! केला, म्हटले. तिने मान हलवली आणि पदराने पाते पुसले.