ऊब आणि ओल

अंडी उबवावयाची म्हटली की माणसाला आठवते ती ऊब. ओलीची आठवण सहसा कोणाला होत नाही. आणि आमच्या तेल्हाऱ्यात तर निम्मे काम ओलीचेच असते.

उबेचेही आमच्याकडे जरा उलटेच आहे. या विषयावरील पुस्तके बहुधा थंड देशांत लिहिलेली. खोली गार असते हे त्यांत गृहीतच धरलेले. पंखा बसवलेल्या पेटीत दिवा लावा, पारा ३७.५ अंशांवर आणा आणि २१ दिवस तेथेच राखा, हा त्यांचा उपदेश. परंतु वैशाखात सातपुड्याच्या पायथ्याशी बाहेरचाच पारा पंचेचाळिशीकडे धावू लागला म्हणजे तो दिवा काय कामाचा? दिव्याला ऊब देता येते, गारवा देता येत नाही. अंड्यातला जीव घटकाभर गारठला तर सावरतो. चाळिशीच्या वर काही तास तापला तर बहुधा दगावतो. उन्हाळ्यात पेटी मांडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या नावाने एके काळी उष्णतामान मोजीत, त्या रेओम्यूरने १७४९ साली अंडी उबवण्यावर ग्रंथ लिहिला. ऊब मात्र त्याने कुजत्या खतातून घेतली. उकिरड्यांची वाण आमच्याकडेही नाही, पण घरातल्या मंडळींनी दिव्यालाच पसंती दिली!

मी माघात १२ अंडी मांडली. तेव्हा उष्म्याचा प्रश्न नव्हता, पण हवा कोरडी ठणठणीत. अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी उडून ५० ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी ४४ ग्रॅमच्या आसपास यावे लागते. त्यामुळे बोथट टोकाशी हवेची जी पोकळी वाढते, तिच्यात पिलू कवच फोडण्याआधीच पहिला श्वास घेते. ओल फार झाली तर पोकळी अपुरी राहून ते आतच गुदमरते. कमी पडली तर आतला पापुद्रा सुकून त्याच्या अंगाला आवळतो. म्हणून आधी पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि अखेरचे तीन दिवस पासष्ट ते सत्तर. वाटीत पाणी खोल भरून काही साधत नाही. पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा लागतो. मी वाटी काढून ताटली ठेवली.

शेजारच्या आजीबाई डालग्याखालची माती शिंपून आपली खुडूक कोंबडी बसवतात. माझी उपकरणे पाहून त्या म्हणाल्या, “काहून जी प्रोफेसर, कोंबडी काय घड्याय पाहून बसते?”

सातव्या दिवशी दिव्यापुढे धरली तेव्हा तीन अंडी पोकळ निघाली. विसाव्या रात्री उरलेल्या नवांतून चिवचिव ऐकू येऊ लागली. एक अंडे टिचले आणि तसेच राहिले. नात म्हणाली, “आजोबा, त्याला जरा मदत करा ना!” झाकण उघडले असते तर साठलेली ओल क्षणात निघून गेली असती आणि बाकीच्या आठांचे पापुद्रे सुकले असते. मी उघडले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठ पिले बाहेर येऊन सुकली. त्या अंड्यातला आवाज पहाटेच थांबला होता. नात संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दिवेलागणीला आजीबाईंनी आठही पिले आपल्या कोंबडीखाली सरकवली. तिने ती मुकाट्याने पोटाशी घेतली.